घाटात ब्रेक का लागत नाही?

नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. जुनी विलीज जीप तो घाट उतरते, तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा कोठे जाते? हिशेब करू.

माणसांसह १,५०० किलोग्रॅमची जीप ५०० मीटर खाली आली, तर १,५०० × १० × ५०० = ७५ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे २५ लिटर पाणी उकळू लागेल! नुसत्या ब्रेकवर उतरल्यास यातली बरीचशी उष्णता ब्रेकच्या चार ड्रमांत निर्माण होते आणि ब्रेक-ऑइललाही पोहोचते.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. ओलावा मुरला की उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणून पेडल तळाला जाते, पण जीप थांबत नाही. या जीपच्या चारही चाकांना एकाच सिलिंडरातून दाब मिळतो. त्यामुळे चारही ब्रेक एकदम जातात.

यासाठी दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. नवे ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. मग एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करून हवा काढावी आणि पेडल सोडण्यापूर्वी स्क्रू आवळावा. हे काम जाणत्या मेकॅनिकसमोरच करा, आणि आधी सपाट मैदानात ब्रेक तपासा.

घाट मात्र खालच्या गिअरमध्येच उतरावा. त्याने ब्रेकचा भार हलका होतो. कसा, ते तुम्ही सांगा पाहू!