सुगंधी तेलाने मला शिकवलेलं

१. हळदीचा पिवळेपणा वाफेबरोबर वर येत नाही. सांगलीच्या पेठेतली राजापुरी हळद डिस्टिलेशनला लावली, तेव्हा हाती आलं फिकट, तिखट वासाचं तेल. ज्याचे गोडवे आपण गातो ते कुरक्युमिन भांड्यातल्या चोथ्यातच राहिलं. तेलात उतरले ते टर्मेरोनसारखे निराळे घटक. त्यांच्यातही जंतुरोधक गुण आहे, पण हळदीची कीर्ती त्यांना आयती मिळत नाही. तेल नव्याने तपासावंच लागतं.

२. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या पाल्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. काढणीआधी कापलेला तो पाला बांधावर सुकत पडतो. त्याही पानांत तेल असतं, गड्ड्याच्या तेलाहून वेगळ्या घडणीचं. मला त्याचा वास जास्त आवडतो.

३. ही तेलं साबणात, क्रीममध्ये घालताना खरा पेच पाण्याचा आहे. साबणाच्या वडीत पाणी कमी आणि क्षार जास्त, म्हणून ती सहसा टिकते. क्रीममध्ये पाणी आलं की जंतूंना घर मिळतं. आणि जंतू रोखायला आपण घातलेलं लवंगेचं किंवा ओव्याचं तेल बहुतेक तेलाच्या थेंबांत जाऊन बसतं, जंतू वाढतात ते पाण्यात. जंतू वाढवलेल्या आगरच्या ताटलीत तेलाच्या कागदी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं की मन हरखतं. पण ती ताटली म्हणजे क्रीम नव्हे. म्हणून तयार क्रीममध्ये मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडून, 28 दिवस त्यांची संख्या मोजत राहायची पद्धत आहे. स्यूडोमोनास हा जंतू तर भलताच चिवट. त्याच्या बाहेरच्या आवरणातून तेल सहज आत शिरत नाही. माझं या तेलांवर प्रेम आहे, तरी या चाचणीपुढे मी मान तुकवते.

४. तेल वाढवलं तर जंतू मरतील, पण कातडीला ते सोसत नाही. दालचिनीतल्या सिनामाल्डिहाइडने आणि लवंगेतल्या युजेनॉलने काहींना ॲलर्जी होते. लिस्टरिनच्या मूळ माउथवॉशमध्ये ओव्यातलं थायमॉल असतं ते अवघं 0.064 टक्के, शिवाय सोबतीला अल्कोहोल आणि आणखी तीन सुगंधी घटक. एकट्या तेलावर सगळा भार टाकायचा नसतो, हे मला तिथे पटलं.

५. साताऱ्याकडे परसात वाढणाऱ्या गवती चहाचं तेल हवेने, उजेडाने बिघडतं. त्यातलं सिट्रल बदलत जातं. गडद बाटली, घट्ट बूच.

६. म्हणून मी क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्हही घालते. “ताई, नैसर्गिक म्हणता, मग हे प्रिझर्व्हेटिव्ह कशाला?” असं बायका विचारतात. मी लेबलवरचं त्याचं नाव दाखवते, आणि त्याच क्रीममधलं तेल वास घ्यायला देते. ही क्रीम बाळाच्या गालालाही लागणार असते, हे त्यांना मला वेगळं सांगावं लागत नाही.