पट्टा, किल्ली आणि दार

मी कला शाखेचा विद्यार्थी. मोटारीशी माझा संबंध मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर पाहण्यापुरताच. तेव्हा यंत्राविषयी मी काय लिहिणार, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण प्रस्तुत लेख यंत्राविषयी नाही, माणसांच्या सवयींविषयी आहे. आणि तो लिहिण्याचे कारण वैयक्तिक आहे.

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. एका लग्नासाठी मामांच्या गाडीतून आम्ही कराडला निघालो होतो. गाडी जुनी, एअरबॅग नसलेली. मामा चालवत होते, शेजारी मामी, मामींच्या मागे मी. दोघांनी पट्टे लावले होते. निघताना मामा म्हणाले, "अरे, पट्टा लाव की." मी हसून म्हणालो, "मामा, मागं कोण बघतंय?" रात्री नऊच्या सुमारास रस्त्यात उसाची एक ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. मामांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी वळवली. तरी डाव्या बाजूचा कोपरा ट्रॉलीवर आदळलाच. वेग चाळीसच्या आसपास असावा. मी सीटवरून उचलला गेलो आणि मामींच्या सीटच्या पाठीवर जाऊन आपटलो. सीटची पाठ पुढे वाकली. मामींचे गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. मला कपाळावर चार टाके पडले, एवढेच.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारले, "यांच्या मागे कोण बसलं होतं?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना मला जे वाटले ते शब्दांत मांडता येणार नाही. मामींनी मात्र शुद्धीवर येताच विचारले ते, "अरे, तुला लागलं नाही ना?"

तेव्हापासून "माझा जीव, मी बघून घेईन" हे वाक्य मी ऐकू शकत नाही. मोटारीत बसल्यावर आपला जीव आपल्या एकट्याचा राहत नाही. गाडीतील पट्टा, किल्ली आणि दार या तिन्ही साध्या वस्तूंचा विचार या एका दृष्टीने करावा, असे मला वाटते.

पट्टा

प्रथम शाळेत शिकलेले जडत्व आठवावे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा आत बसलेला माणूसही त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर, पुढे जात असतो. गाडी थांबते, माणूस थांबत नाही. त्याला कुणीतरी थांबवावे लागते. पट्टा नसेल तर ते काम काच, स्टीअरिंग किंवा पुढच्या माणसाची पाठ करते. हा आघात किती? सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशिवाय आपण उभे राहणार नाही. मोटारीत मात्र रोज बसतो.

पट्ट्याचे कार्य दोन प्रकारचे आहे. गाडीचा पुढचा भाग चेपत असताना पट्टा माणसाला गाडीबरोबर हळूहळू थांबवतो आणि आघात शरीराच्या बळकट हाडांवर वाटून देतो. पन्नासच्या वेगातील माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. तोच माणूस पाच सेंटिमीटरमध्ये थांबला तर हा जोर दोनशे पट होतो. जगणे आणि मरणे यांतील फरक पुष्कळदा या काही सेंटिमीटरांचा असतो. याच हिशेबाने मांडीवरचे दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोचे होते. कोणत्या आईचे हात ते धरून ठेवतील?

आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला. पूर्वी तो साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत असे. पुढे व्होल्वो कंपनीत आल्यावर १९५९ साली त्याने हा पट्टा गाडीत बसवला. एका हाताने लावता येईल इतका तो सोपा असावा, हा त्याचा कटाक्ष होता. व्होल्वोने या शोधाचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. ही गोष्ट मला मोठी वाटते. नफ्याची वस्तू हाती असताना ती जगाला वापरू दिली गेली. आणि आपण ती अंगावर घ्यायलाही कंटाळतो!

कायद्याचे म्हणाल तर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली पट्टा लावणे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटसाठी ही सक्ती १९८३ साली आली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३८ वा नियम चालकाबरोबरच पुढे तोंड करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांनाही पट्टा लावावयास सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एक हजार रुपये दंड आहे. तरीही "मागे बसणाऱ्याला पट्टा नको" हा समज सुटलेला नाही.

त्या समजाची किंमत आपण पाहिली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुढचे दोघे वाचले. मागच्या सीटवरील दोघे दगावले, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे मेली. त्यांपैकी ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. म्हणजे हा दोष फक्त चालकाचा नाही.

आणि मागचा माणूस पुढच्याला मारतो, हेही आता सिद्ध झाले आहे. जपानमधील अपघातांचा एक अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मागच्या प्रवाशाने पट्टा लावला नसेल तर पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्यात आढळले. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ ग्रंथालयात नुसता बसून होतो.

पट्टा नुसता लावून भागत नाही, तो नीट लावावा लागतो. खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर घट्ट बसावा. पोटावर असला तर आतड्यांना इजा होते. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. काखेखालून घेतला तर बरगड्या मोडतात. पट्ट्याला पीळ नको, जाड स्वेटरवरून ढिला नको. गरोदर स्त्रीने खालचा पट्टा पोटाच्या खाली आणि वरचा पट्टा पोटाच्या बाजूने घ्यावा. एका पट्ट्यात दोघांनी कधीही बसू नये. लहान मुलांची जागा मागे, त्यांच्या वयाच्या आसनात. मागे तोंड करून बसवायचे बाळाचे आसन चालू एअरबॅगसमोर तर कधीच ठेवू नये. ज्या पट्ट्याने एकदा मोठा अपघात झेलला, तो बदलून घ्यावा.

"आमच्या गाडीत एअरबॅग आहेत" असे काही जण म्हणतात. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक म्हणून असते, त्याची जागा ती घेत नाही. पापणी लवण्याच्या आत ती फुगते. पट्टा नसलेला माणूस त्याच वेळी पुढे फेकला गेला, तर तीच त्याला इजा करते.

आणखी एक गंमत; गंमत म्हणण्यापेक्षा शोकांतिका. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण देणारी घंटी आली. ती वाजू नये म्हणून लोकांनी खाचेत घालण्याच्या खोट्या क्लिपा विकत घेतल्या! अखेर २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला संगणकावरून विक्री करणाऱ्या कंपन्यांना या क्लिपा काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. पैसे देऊन स्वतःला फसवण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. घंटी फसते, जडत्व फसत नाही.

किल्ली

किल्ली म्हणजे गाडी चालू करण्याची वस्तू, एवढेच आपण समजतो. वस्तुतः किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती अनेकांचे प्राण असतात.

घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. खंबाटकीच्या उतारावर पेट्रोल वाचवल्याच्या कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते; एकदोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. स्टीअरिंग जड होते, आणि किल्ली शेवटच्या खाचेपर्यंत फिरवून बाहेर काढली गेली तर त्याला कुलूपच लागते. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतार उतरताना इंधन आपणहून तोडतात. म्हणजे वाचत काहीच नाही.

किल्लीच्या जुडग्यात घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्या, वर देवाची पितळी मूर्ती आणि घुंगरू, असा शृंगार आपण करतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा खटका ढिला होता. जड जुडगे किंवा रस्त्यातील धक्का एवढ्यानेही तो चालत्या गाडीत बंद स्थितीकडे सरके. मग इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. २०१४ साली कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. दोष कंपनीचा, यात शंका नाही. पण गाडीची किल्ली एकटी, हलकी ठेवावी हा धडा आपणही घ्यावयास हरकत नाही.

"दोन मिनिटांत येतो" म्हणून किल्ली गाडीत ठेवून मुलांना आत सोडू नये. बटणावर चालू होणाऱ्या गाड्यांत तर किल्ली खिशात आणि इंजिन चालूच, असा विसर पडतो. बंद गॅरेजमध्ये असे झाले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. त्याच कारणाने बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे जिवावर बेतते.

दार

धावत्या गाडीची दारे बंद आणि कुलूपबंद असावीत. आदळल्यावर दार उघडले तर पट्टा नसलेला माणूस बाहेर फेकला जातो, आणि गाडीबाहेर फेकलेला माणूस क्वचितच वाचतो. मागच्या दारांच्या कडेला एक लहानसा खटका असतो. तो लावला की दार आतून उघडत नाही. मुले बसवताना तो लावावा.

पण कुलूप हे दुधारी शस्त्र आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांतच दहा अंश सेल्सिअसच्या आसपास वाढते. खेळता खेळता गाडीत शिरलेली आणि आत अडकलेली मुले याच कारणाने दगावतात. अंगणातील उभी गाडी नेहमी कुलूपबंद असावी आणि किल्ली मुलांच्या हाताला लागू नये. मूल हरवले तर विहिरीबरोबर गाडीतही पाहावे.

पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. गाडी पाण्यात गेलीच तर बाहेरील दाबामुळे दार उघडत नाही. तेव्हा दाराशी झटापट न करता पट्टा सोडावा, वीज चालू आहे तोवर खिडकीची काच खाली करावी आणि बाहेर पडावे. काच फोडण्याची लहान हातोडी हाताशी असावी. बहुतेक गाड्यांत बाजूची काच कोपऱ्यावर मारल्यास फुटते, पुढची फुटून मोकळी होत नाही. वीज गेली तरी कुलूप हाताने उघडावे, ही सोयही २०१९ पासून नव्या मोटारींत आवश्यक ठरली आहे. आपल्या गाडीत ती कोठे आहे, हे आजच पाहून ठेवावे.

शेवटची गोष्ट आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी संबंधित आहे. तेथे रिक्षा आणि मोटारी थांबतात, दार धाडकन उघडते, आणि मागून सायकलवर येणारा आपलाच मित्र त्यावर आदळतो. सायकलींच्या हॉलंडमध्ये यावर साधा उपाय रूढ आहे: दाराकडचा हात न वापरता पलीकडच्या हाताने दार उघडायचे. आपल्याकडे चालकाने डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. तसे केले की शरीर आपोआप वळते आणि नजर मागे जाते. खर्च शून्य, वेळ एक सेकंद.

मित्रहो, हा सारा व्याप दहा सेकंदांचा आहे. बसल्यावर दार, मग पट्टा, मग किल्ली. उतरताना इंजिन बंद, किल्ली हातात, मागे नजर, मग दार. चालकाने सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय किल्ली फिरवूच नये. तो कोणी वडीलधारा असला तरी त्याला आठवण देण्यात उद्धटपणा नाही.

मामींचे हाड जुळले आहे. उजवा हात मात्र अजून पूर्ण वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा त्या मलाच काढून द्यावयास सांगतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. परवा त्यांच्याबरोबर पुन्हा साताऱ्याला गेलो. मी मागे बसलो, पट्टा ओढला, खट् असा आवाज झाला. तो ऐकल्यावर मामा म्हणाले, "हां, आता निघू या," आणि मगच त्यांनी किल्ली फिरवली.