वेबसाइटचा रिपोर्ट: बिल भरण्याआधी कोणते आकडे पाहाल?

एजन्सीने महिन्याचा रिपोर्ट पाठवलाय, वर ठळक अक्षरांत हजारो 'हिट्स' आणि खाली बिल. थांबा. पान उघडताना सर्व्हरकडून जितक्या फाइली मागवल्या जातात, तितक्या हिट्स होतात. तुमच्या होमस्टेच्या पानावर ३० फोटो असतील, तर एकाच माणसाने ते पान पहिल्यांदा पूर्ण पाहिलं तरी तिशीपार हिट्स. या आकड्यावर एक रुपयाही देऊ नका.

मागायचे आकडे तीन: युजर, सेशन आणि पेज व्ह्यू. सेशन म्हणजे भेट. गुगल अॅनालिटिक्स ३० मिनिटं काही हालचाल नसेल तर भेट संपली असं धरतं. जेवून आल्यावर त्याच माणसाने पुन्हा साइट चाळली की दुसरी भेट. होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये मिळणारं एडब्ल्यूस्टॅट्स हीच मुदत ६० मिनिटं धरतं, पण ते सर्व्हरची नोंदवही वाचत असल्याने न ओळखलेले बॉटही (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) माणसं म्हणून मोजतं. दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. एजन्सीने एका महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसरं साधन वापरून 'वाढ' दाखवली असेल, तर ती वाढ मानू नका. युजरच्या आकड्यालाही माणसांची शिरगणती समजू नका. फोनवर पाहून नंतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बुकिंग करणारा एकच पाहुणा सहसा दोन युजर ठरतो.

या तिन्हींच्या जोडीला, बिलावर सगळ्यात जास्त परिणाम करणारा आकडा 'एंगेज्ड सेशन' हा आहे. भेट १० सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती झाली, तरच ती यात धरली जाते. बाकीच्या भेटींचं प्रमाण म्हणजे बाउन्स रेट. भेटी एकदम वाढल्या, पण एंगेज्ड सेशन तिथेच राहिले, तर देश आणि शहर उघडून पाहा. मालवणच्या होमस्टेला परदेशातल्या अनोळखी शहरातून एका रात्रीत शेकडो भेटी आल्या आणि सगळ्या काही सेकंदांच्या असल्या, तर त्या बहुधा बॉटच्या किंवा विकत घेतलेल्या आहेत. 'महिन्याला इतक्या भेटींची हमी' देणाऱ्या पॅकेजमध्ये नेमकी हीच भीती असते. करार करायचाच तर चौकशीच्या फोनवर आणि फॉर्मवर करा. त्यासाठी एक काम आधी करून घ्या: फोन नंबरवरचं क्लिक अॅनालिटिक्स आपोआप मोजत नाही, त्याची वेगळी नोंद लावावी लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेली माणसं बहुतेक वेळा 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे कुठून आली ते न कळलेल्यांत जातात. ती ओळखू येण्यासाठी लिंकला यूटीएम टॅग जोडा, फुकट आहे.

खर्च किती? गुगल अॅनालिटिक्सची नेहमीची आवृत्ती आणि सर्च कन्सोल, दोन्ही मोफत. बिलात 'अॅनालिटिक्स लायसन्स' अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा; पैशाची ३६० आवृत्ती मोठ्या कंपन्यांसाठी असते. जोडणीची मजुरी आणि रिपोर्ट समजावण्याचे पैसे देणं रास्त आहे, पण आकडा आधी लेखी घ्या. १८ टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक पाहा. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही.

अॅनालिटिक्स सुरू करायला कागदपत्रं काहीच लागत नाहीत. तुमचं स्वतःचं जीमेल खातं आणि साइटचं अॅडमिन लॉगिन पुरे. अॅनालिटिक्सचं खातं तुमच्याच जीमेलवर उघडा आणि एजन्सीला 'एडिटर' म्हणून जोडा. खातं एजन्सीच्या नावावर असेल तर आजच 'अॅडमिनिस्ट्रेटर' हक्क मागा. नुसता 'व्ह्यूअर' घेऊन भागत नाही. भांडण झालं आणि नव्याने खातं काढावं लागलं, तर जुनी आकडेवारी त्यात आणता येत नाही.

हक्क मिळाल्यावर लगेच पाहायच्या जागा: टाइम झोन भारताचा आहे का? अमेरिकेचा राहिला असेल तर तुमचा दिवस भलत्याच वेळी तुटतो, आणि बदल केला तरी मागचे आकडे दुरुस्त होत नाहीत. 'डेटा रिटेन्शन' २ महिन्यांवर असेल तर १४ वर न्या, नाहीतर सविस्तर विश्लेषणात गेल्या हंगामाशी तुलना करता येणार नाही. ऑफिसमधल्या भेटी वगळणारा फिल्टर लावला की तो आधी 'टेस्टिंग'मध्येच असतो. 'अॅक्टिव्ह' करेपर्यंत तुमचेच कर्मचारी पाहुणे म्हणून मोजले जातात. पेज व्ह्यू अचानक जवळपास दुप्पट झाले तर अॅनालिटिक्सचा कोड साइटवर दोनदा बसलाय का, ते एजन्सीला विचारा.

आकडे पक्के व्हायला २४ ते ४८ तास लागतात. म्हणून महिन्याचा रिपोर्ट १ तारखेला मागू नका, ३ किंवा ४ तारखेला मागा, आणि बिलाची मुदत त्यानंतरची ठरवून घ्या.