पितळ

तांबे आणि जस्त एकत्र वितळवले म्हणजे पिवळ्या रंगाचा एक मिश्रधातू तयार होतो. त्यालाच पितळ म्हणतात. संस्कृतातील ‘पित्तल’ या शब्दावरून हे नाव मराठीत आले. पितळेचा तो पितळी, म्हणून आपण ‘पितळी डबा’, ‘पितळी समई’ असे म्हणतो. परंतु ‘पितळीत भात वाढ’ या वाक्यात पितळी हे नाम आहे. तेथे त्याचा अर्थ उभ्या काठाची ताटली असा होतो.

पितळेला इंग्रजीत ‘ब्रास’ म्हणतात. हा शब्दही मराठीत रुळला आहे. लग्नाच्या वरातीत ब्रासबँड वाजतो. त्यातील ट्रंपेटसारखी वाद्ये पितळेची असतात आणि वादक ओठांच्या कंपनाने त्यांतून नाद काढतो. मात्र बांधकामावरील मुकादम ‘दोन ब्रास वाळू’ मागतो, तेव्हा त्याला पितळ नको असते. तेथे ब्रास हे माप आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग, म्हणजे 100 घनफूट, हा एक ब्रास होय. शब्दाचा अर्थ कळण्यासाठी त्याचे शेजारी पाहावे लागतात, ते असे.

पितळेत एक उणीव आहे. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली तर ती कळकते. तिला वाईट चव येते व ती खाणे अपायकारक ठरते. म्हणून कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि आतून कथलाचा पातळ थर देतो. त्या थरामुळे अन्न सुरक्षित राहते.

पितळेवर दुसराही एक थर चढवतात, तो सोन्याच्या मुलाम्याचा. असा दागिना सोन्याचा म्हणून कोणी विकला, तरी पुढे मुलामा झिजतो आणि खरा धातू दिसू लागतो. यावरूनच ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. त्याचा अर्थ खोटेपणा उघडकीस येणे.

कल्हई आणि मुलामा हे दोन्ही वरचेच थर. पण एक रक्षणासाठी दिलेला असतो, तर दुसऱ्याने कोणी फसवणूक करू पाहतो. वाक्प्रचारात नाव पितळेचे आले, तरी दोष त्या धातूचा नव्हे. पितळेने आपण सोने आहोत असे कधीच म्हटलेले नसते.

स्वाध्याय
1. ‘पितळी’ हा शब्द विशेषण व नाम म्हणून वापरून दोन वाक्ये लिहा.
2. तीन ब्रास वाळू म्हणजे किती घनफूट?
3. कल्हई व मुलामा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.