चाकणचा कोट व शेलारवाडीची लेणी : एका दिवसाचा पाठ



पडक्या भिंती व ओसाड गुहा पाहावयास जाणे हे रिकामटेकड्या आणि पैसेवाल्या लोकांचे काम, असा समज आपल्या खेड्यापाड्यांतून फार आहे. "दगडांत काय पाहावयाचे?" असा प्रश्न होतो, आणि विचारणाराच्या गावकुसाबाहेर मात्र वीरगळ पालथा पडून त्यावर कोणी धुणे आपटीत असते. वस्तुतः लेखणी ज्यांच्या हाती नव्हती, त्यांच्या पूर्वजांचा वृत्तांत पोथ्यांपेक्षा दगडांतच अधिक सापडण्याचा संभव आहे. यास्तव मंडळीतील शिक्षकाने आपल्याबरोबर आठदहा जणांस घेऊन एक दिवस कसा घालवावा, हे आजच्या पाठात सांगण्याचा विचार आहे. त्यासाठी चाकण व पिंपरी-चिंचवडचा टापू निवडला आहे. तेथे मोटारींचे कारखाने एवढे झाले आहेत की, ह्या भूमीस जुना इतिहास असेल हे तेथे कामास जाणाऱ्या तरुणांच्या ध्यानातही येत नाही.

माणसे आठदहाच का, असे कोणी विचारील. लेण्यातील एका खोलीत याहून अधिक माणसे उभी राहू शकत नाहीत. आणि जेथे मागच्या माणसास पुढच्याचे बोलणे ऐकू येत नाही तेथे पाठ संपतो व जत्रा सुरू होते. चाळीस जणांची बस भरून नेण्यापेक्षा चार वेळा दहा-दहा नेणे बरे. त्यांत एक म्हातारा माणूस, एक शेती करणारा आणि एक पाथरवटाचे किंवा गवंड्याचे काम जाणणारा असावा. गवंडी भिंतीकडे पाहून जे सांगेल ते पुष्कळदा पुस्तकात नसते.

वाट दाखविणाऱ्याने एक नियम आरंभीच सर्वांस सांगून ठेवावा. दिवसभरात तीन प्रकारचे बोलणे कानी पडेल : दगड जे दाखवितो ते, लेख अथवा तवारिखा जे सांगतात ते, आणि लोक जे म्हणतात ते. ही तिन्ही ऐकावी, परंतु एकात एक मिसळू नयेत. चाकणास कोणी सांगेल की, ही पांडवांची एकचक्रानगरी. दुसरा सांगेल की, दशरथाच्या रथाचे चाक येथे पडले म्हणून चाकण व चक्रेश्वर ही नावे पडली. सांगणाऱ्याचा उपमर्द करू नये. "लोक असे म्हणतात" एवढे जोडून वहीत उतरून घ्यावे. पुढे जेव्हा "असे घडले" म्हणावयाची वेळ येईल, तेव्हा ह्या दोन शब्दसमूहांतील अंतर किती मोठे आहे हे शिकणाऱ्यांस कळून येईल.

सकाळी लवकर चाकण गाठावे. बाजाराचा दिवस टाळावा, कारण पुणे-नाशिक रस्त्यावर मालमोटारींची दाटी एरवीच पुष्कळ असते. चाकणचा कोट, ज्यास संग्रामदुर्ग म्हणतात, हा भुईकोट आहे. त्यास डोंगराचा आधार नाही. भिंत, बुरूज आणि खंदक एवढेच त्याचे बळ. आज गावाने त्यास इतके वेढले आहे की, नवखा मनुष्य कोटापाशी उभा राहून कोट कोठे म्हणून विचारतो. खंदकाचा पुष्कळ भाग बुजला आहे. भिंतीचे काही तुकडे व बुरूज उभे आहेत. प्रथम कोणास काही न सांगता बाहेरून जेवढे हिंडता येईल तेवढे हिंडवावे आणि विचारावे : येथे डोंगर नाही, नदीचा वेढा नाही, मग कोट येथेच का बांधला? विचार करून कोणीतरी रस्त्याकडे बोट दाखवील. तेच उत्तर होय. अहमदनगराकडून पुण्यास येणारी वाट येथून होती, आणि ज्याच्या हाती चाकण, त्याच्या हाती त्या वाटेवरील धान्य व दाणागोटा.

ह्या कारणामुळेच येथे रक्तही पुष्कळ सांडले. बहामनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार ह्याने चाकण आपले ठाणे केले होते. तो कोकणात उतरला, आणि १४५३ च्या सुमारास शिर्के व खेळण्याचा राजा यांनी रानात त्यास गाठून मारिले. उरलेले लोक चाकणास परत आले. तेव्हा त्यांच्या वैऱ्यांनी सुलतानाचे कान भरले, कोटास वेढा पडला, आणि अभयवचन देऊन बाहेर काढलेल्या ह्या लोकांस मेजवानीच्या निमित्ताने कापून काढण्यात आले. ही हकीकत फिरिश्ता सांगतो. तो ह्या गोष्टीनंतर दीडशे वर्षांनी लिहीत होता, हेही शिक्षकाने त्याच वेळी सांगावे. दीडशे वर्षांमागची गोष्ट आपल्या गावात किती जणांस बिनचूक ठाऊक आहे, हे म्हाताऱ्यास विचारून पाहावे; म्हणजे पुरावा म्हणजे काय ह्यावर निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

कोटाची सर्वांत प्रसिद्ध लढाई १६६० ची. त्या वर्षीच्या मे महिन्यात शाइस्तेखान मोठ्या फौजेनिशी पुण्यास येऊन बसला. पाठीमागची वाट मोकळी असल्यावाचून त्यास चैन पडणे शक्य नव्हते; म्हणून जूनमध्ये तो चाकणवर चालून आला. आत फिरंगोजी नरसाळा हा किल्लेदार होता, व त्याच्यापाशी तीनचारशे माणसे. खानाने चारही अंगांनी मोर्चे लाविले. पावसाळा भर होता. खंदकांत व मोर्च्यांत चिखल, दारू दमट. सुमारे पंचावन्न दिवस गेले, तरी कोट पडेना. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणीत नेऊन कोपऱ्याच्या एका बुरुजाखाली सुरुंग भरला आणि ऑगस्टात तो उडविला. बुरूज माणसांसह उडाला. मोगल आत घुसावयास धावले तो समोर मातीचा दुसरा आडोसा तयार! तेथून बाण, गोळे व दगड यांचा मारा होऊन त्या दिवशी त्यांस थांबावे लागले. दुसऱ्या दिवशी मात्र गाव व कोट त्यांच्या हाती गेला, आणि फिरंगोजीने राव भावसिंग हाडा ह्याच्या मध्यस्थीने कोट सोडून दिला. मोगलांच्या बाजूच्या नोंदीप्रमाणे त्यांचे २६८ लोक मेले व ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजीस आपल्या चाकरीत येण्याविषयी सुचविले, पण त्याने ते नाकारिले व तो शिवाजी महाराजांकडे परत गेला. एवढ्याशा कोटास पंचावन्न दिवस लागले, मग सह्याद्रीवरील एकेका गडास किती लागतील, हा हिशेब पुढे मोगलांच्या मनात राहिला असावा असे मला वाटते. परंतु हे माझे मत आहे, नोंद नव्हे.

ही हकीकत सांगावयाची जागा बुरुजाची सावली ही होय. ऐकणाऱ्यांतील गवंड्यास भिंतीचे दगड पाहू द्यावे. घडीव दगड कोठे, भराव कोठे, चुना कोठे, आणि जेथे डागडुजी झाली असेल तेथे जुने काम कोठे थांबते व नवे कोठे लागते, हे तो बोट ठेवून दाखवील. कोटात दोन तास पुरेत. वेळ असल्यास चक्रेश्वराच्या देवळाकडील कोरीव वराहाची मूर्ती पाहावी. तिच्या अंगावरील बारीक नक्षी पाहण्याजोगी आहे.

तेथून तळेगावच्या रस्त्याने पश्चिमेस निघावे. वाटेत एका अंगास भामचंद्राचा व पुढे भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. तुकारामबोवा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जाऊन बसत त्यांत हे दोन्ही गणले जातात, आणि तिसरा घोरवडीचा, जेथे आपण जाणार. इंदोरीस इंद्रायणीच्या काठी दाभाड्यांची गढी आहे. ती गाडीतून दाखवून पुढे जावे. सर्वच थोडे थोडे पाहण्याचा हव्यास धरल्यास संध्याकाळी डोक्यात काहीच शिल्लक राहत नाही.

शेलारवाडीची लेणी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या डोंगरात आहेत. लोक त्यांस घोरावडेश्वर म्हणतात. वर जाण्यास पायऱ्या आहेत. दुपारची भाकरी पायथ्याशी झाडाखाली खाऊन घ्यावी व पाणी बरोबर घ्यावे. वरती मधमाशांची पोळी असण्याचा संभव असतो. म्हणून विडी, धूर, आरडाओरड व दगड मारणे ह्यांस सक्त मनाई करावी. तरुण मुलांस हे दोनदा सांगावे.

ही लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. पावसाळ्यात फिरणे थांबवून भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे असा त्यांचा नेम होता. कोकणातील बंदरांवरून बोरघाटाने वर येणारा व्यापाराचा मार्गही ह्याच खोऱ्यातून जातो; कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी ह्याच रांगेत आहेत. येथे लहान कोठड्या आहेत, पाण्याच्या खोदीव टाक्या आहेत. जुन्या लेण्यांतील लेखांत अशा टाकीस 'पोढी' म्हटले आहे. छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. घर बांधताना आपण पायापासून वर जातो. लेणे खोदणारा छतापासून खाली येतो, म्हणजे त्यास पराती बांधाव्या लागत नाहीत. पाथरवटास हे सांगितल्यास तो तेथेच अर्धा तास रमेल, व त्यास रमू द्यावे.

मोठ्या दालनात आता शिवलिंग आहे व तेथे पूजाअर्चा चालते. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. येथे आपल्या लोकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : आत जावे की न जावे, पायतण काढावे की न काढावे? माझे सांगणे असे की, आपण पूजेस आलेलो नाही, पाहण्यास आलो आहो. आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्या घरची रीत पाळावी. पायतण बाहेर, आवाज खाली, पुजाऱ्यास विचारल्यावाचून कशासही हात नाही. कोणास आत जाणे नको वाटल्यास त्याने बाहेरील कोठड्या पाहाव्या, त्यास कोणी टोचून बोलू नये. आणि आत उभे राहून कोणी दुसऱ्याच्या श्रद्धेवर वाद काढू लागला, तर शिक्षकाने त्यास हात धरून बाहेर आणावे. त्या दिवशी तेवढेच त्याचे शिक्षण.

आता ज्यासाठी एवढी चढण चढावयाची तो भाग. येथे ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला एक लेख आहे. ही लिपी वाचण्याची विद्या देशात लुप्त झाली होती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये तिचा उलगडा केला. पुढे मुंबई इलाख्यातील लेण्यांचा शोध घेण्यासाठी १८४८ मध्ये जे मंडळ नेमले त्याचे प्रमुख आपल्या वाचकांस ठाऊक असलेले डॉ. जॉन विल्सन हे होते, आणि सह्याद्रीतील लेखांचे अर्थ लावण्याची खटपट करणाऱ्यांत पाद्री स्टीव्हन्सन होते. दुसऱ्या धर्माच्या लेण्यांत शिडी लावून अक्षरे उतरून घेण्यास त्यांस कमीपणा वाटला नाही.

लेखाचा आशय थोडक्यात असा : धेनुकाकटचा राहणारा, नांगर हाकणारा कुटुंबिक उसभणक, त्याची बायको सिअगुतणिका, हिने आपला मुलगा गृहपती नंद ह्यासह हे लेणे दान दिले. राजाचे नाव नाही. सरदाराचे नाव नाही. शेतकऱ्याच्या बायकोचे नाव आहे, आणि ते सुमारे सतराअठराशे वर्षे टिकले आहे. लेखातील 'हालकिय' म्हणजे हल, अर्थात नांगर, धरणारा. आणि 'कुटुंबिक' ह्या कुळातूनच आपला 'कुणबी' हा शब्द आला असे पुष्कळ विद्वान मानतात. ज्या काळी स्त्रियांस व कष्टकऱ्यांस काही मोजीत नसत असे आपण सरसकट म्हणतो, त्या काळी एक नांगऱ्याची बायको आपल्या नावाने दगड कोरवून घेत होती. ह्यावरून सर्वच शेतकरी स्त्रिया संपन्न होत्या असे मात्र काढू नये. एका लेखाने एकच घर कळते. पण ते एक घर निश्चित कळते. धेनुकाकट नेमके कोठे, ह्याविषयी विद्वानांचे एकमत नाही; मात्र कार्ल्याच्या चैत्यातही त्या गावचे लोक भेटतात : सामी नावाचा सुतार, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि खांबांचे दान देणारे कित्येक यवन. एका गावात नांगऱ्या, सुतार, अत्तरवाला व यवन! हे ऐकून आमचे तरुण म्हणतात, मग ते गाव चिंचवडसारखेच असले पाहिजे. उपमा वाईट नाही.

लेख पाहताना त्यावर बोट फिरवू नये, ओला फडका किंवा खडू लावू नये. शेजारी खिळ्याने कोरलेली आजची नावे दिसल्यास ती सर्वांस दाखवावी आणि विचारावे, सिअगुतणिकेच्या नावाने आपणांस तिच्याविषयी इतके कळले, ह्या नावांनी काय कळते? केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारकाची नासधूस करणारास १९५८ च्या कायद्याप्रमाणे, त्यात २०१० मध्ये झालेल्या सुधारणेनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेच्या धाकापेक्षा हा प्रश्न अधिक काम करतो असा माझा अनुभव आहे. चाकणच्या कोटाचे उदाहरण ताजे असतेच : सुरुंगाने बुरूज एकच उडाला, उरलेल्याची बरीच हानी घरे, कचरा व बेफिकिरी यांनी केली.

ऊन उतरू लागताच खाली यावे. अंधारात पायऱ्या धोक्याच्या आहेत. बेगडेवाडीच्या स्टेशनावरून लोणावळा-पुणे लोकल मिळते. गाडी येईपर्यंत प्रत्येकाने वहीत तीन रकाने पाडून दिवसभरात ऐकलेले लिहून काढावे : दगडाने दाखविलेले, लेखाने सांगितलेले, लोकांनी म्हटलेले. दोघांचे रकाने जुळले नाहीत तर शिक्षकाने लगेच निकाल देऊ नये, गाडीत त्यांचे त्यांस भांडू द्यावे. पुढील आठवड्याच्या सभेत ह्या वह्या वाचाव्या, आणि त्यानंतर प्रत्येकाने आपल्याच गावातील एक जुना दगड, विहीर किंवा गढी शोधून तिच्याविषयी हेच तीन रकाने भरून आणावे. ज्यास लिहिता येत नाही त्याचे म्हणणे दुसऱ्याने लिहून घ्यावे, व खाली सांगणाऱ्याचे नाव घालावे.