यकृताची गाठ जाळताना रक्तस्राव का होतो?

मागे या सदरात यकृताच्या सिरॉसिसविषयी लिहिले होते. त्यावर अकोल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे, 'वडिलांच्या यकृतात कॅन्सरची गाठ आहे. सुई घालून ती जाळायची म्हणतात. रक्त वाहून जिवावर तर बेतणार नाही ना?'

गाठ साधारण 3 सेंटिमीटरपर्यंत असली तर हा उपचार चांगला लागू पडतो. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत सुई गाठीत नेतात. रेडिओलहरी किंवा मायक्रोवेव्हने टोकाभोवती 60 ते 100 अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते व गाठीतील पेशी मरतात. पोट उघडावे लागत नाही.

यकृत हा रक्ताने भरलेला अवयव. रक्त गोठवणारे बहुतेक घटकही तेच तयार करते. सिरॉसिसमध्ये ते कमी पडतात. शिवाय पाणथरी वाढून प्लेटलेट घटतात. गाठ यकृताच्या पृष्ठभागालगत असली तर धोका आणखी वाढतो. म्हणून आधी प्लेटलेट व प्रोथ्रॉम्बिन टाइम तपासतात. सुई काढताना तिचा मार्गही उष्णतेने शेकून बंद करतात.

इटलीतील 41 केंद्रांमधील 2320 रुग्णांची पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली. त्यात 6 मृत्यू झाले, पैकी एक मोठ्या रक्तस्रावाने. आणखी 50 रुग्णांत गंभीर गुंतागुंत झाली. म्हणजे धोका थोडा आहे, पण आहे.

आपल्या वऱ्हाडात खरी अडचण अंतराची. उपचार नागपुरात झाला तर अमरावती सुमारे दीडशे आणि अकोला सुमारे अडीचशे किलोमीटर. रक्तस्राव बहुधा पहिल्या काही तासांत होतो, क्वचित काही दिवसांनीही. तेव्हा 'बरे वाटते' म्हणून त्याच रात्री एस.टी. धरू नका. डॉक्टर सांगतील तितके थांबा.

घरी आल्यावर पुढील लक्षणे दिसली तर वेळ दवडू नका :

1. पोटात वाढते दुखणे, पोट फुगणे, उजवा खांदा दुखणे
2. चक्कर, थंड घाम, जलद नाडी
3. धाप लागणे
4. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कावीळ

अशा वेळी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा व उपचाराचे कागद सोबत न्या. पुष्कळदा रक्त देऊन व देखरेखीने भागते. न भागल्यास मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुटलेली रक्तवाहिनी बंद करता येते.

एक सूचना. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन चालू असल्यास आधीच सांगा. हृदयरोग्यांनी मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. उपचारानंतर दुकानातून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका.

वाचकांना माझे उत्तर एवढेच : तपासण्या ठीक असतील तर भिऊन उपचार टाळू नका, आणि झाल्यावर गाफील राहू नका.