भार आणि मोमेंट दोन्ही पेलणारा कॉलम : टप्प्याटप्प्याने

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यातल्या कोयनानगरला रिश्टर मापनावर सुमारे ६.५ चा धक्का बसला. आयएस १८९३ (२०१६) च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या झोनमध्ये आहे, सांगली तिसऱ्या. त्यामुळे सातारा-सांगलीत कॉलम नुसता वजनावर काढून चालत नाही. जमीन हलली की तो वाकतो, आणि तेही दोन्ही दिशांना.

उदाहरणाला सांगलीतले तळमजला अधिक तीन मजल्यांचे घर घेऊ. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००. हाताशी आयएस ४५६, आयएस १३९२० आणि एसपी १६ चे तक्ते ठेवा.

१. भार आणि मोमेंट काढा. फ्रेमचे विश्लेषण करून प्रत्येक लोड कॉम्बिनेशनचे तीन आकडे एकत्र लिहा : उभा भार आणि दोन दिशांचे मोमेंट. आपल्या कॉलमवर फॅक्टर धरून १००० किलोन्यूटन, मोठ्या अक्षाभोवती ९० आणि लहान अक्षाभोवती ४० किलोन्यूटन-मीटर आहेत असे समजू.

२. माप ठरवा. नऊ इंची भिंतीत कोपरा दिसू नये म्हणून २३० मिमी रुंदीचा आग्रह घरमालक धरतात. तो मान्य करू नका. आयएस १३९२० (२०१६) प्रमाणे किमान बाजू ३०० मिमी हवी. आपण ३०० × ४५० घेऊ. भूकंपाच्या कॉम्बिनेशनमध्ये दाब काँक्रीटच्या ताकदीच्या ०.४ पटीत, म्हणजे इथे १३५० किलोन्यूटनच्या आत हवा. तो आहे.

३. सडपातळपणा पाहा. मोकळी उंची २.७ मीटर, फ्रेम बाजूला हलणारी म्हणून परिणामी उंची १.२ पट, ३.२४ मीटर. भागिले ०.३ म्हणजे १०.८. बाराच्या आत, म्हणून कॉलम आखूड. रुंदी २३० असती तर हाच आकडा १४.१ होऊन जादा मोमेंट धरावा लागला असता. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर खालचा मजला उंच किंवा मोकळा ठेवायचा असेल, तर ही पायरी नव्याने करा. ३.६ मीटर मोकळ्या उंचीला ३०० मिमीचा कॉलमही १४.४ वर जातो.

४. किमान एक्सेंट्रिसिटी तपासा. उंची भागिले ५०० अधिक बाजू भागिले ३०, पण २० मिमीपेक्षा कमी नाही. इथे २०.४ आणि २० मिमी येतात. त्यांचे मोमेंट २०.४ आणि २०. आपले आकडे मोठे, तेच ठेवा.

५. सळई निवडा. १६ मिमीच्या ८ सळया, प्रत्येक बाजूला तीन दिसतील अशा. १६०८ चौ. मिमी, म्हणजे १.१९ टक्के. किमान ०.८ हवे. लॅपच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून ४ च्या वर जाऊ नका.

६. दोन्ही दिशा एकत्र तपासा. रिंगवर ४० मिमी कव्हर ठेवले, तर १००० किलोन्यूटन भाराखाली हा कॉलम एकेका दिशेला १४२ आणि ८४ किलोन्यूटन-मीटर पेलतो. निव्वळ दाबाची क्षमता २१०४ किलोन्यूटन. भाराचे तिच्याशी प्रमाण ०.४७५, म्हणून घातांक १.४६. आता ९०/१४२ आणि ४०/८४ यांना तो घातांक देऊन बेरीज करा : ०.५१ + ०.३४ = ०.८५. एकच्या आत, म्हणून छेद पुरेसा.

७. कमी भाराचे कॉम्बिनेशन सोडू नका. ०.९ पट स्थिर भार आणि १.५ पट भूकंप, यात उभा भार घटतो, मोमेंट मात्र मोठा राहतो. ठराविक मर्यादेखाली दाब जितका कमी, तितकी वाकण पेलण्याची ताकदही कमी होते. म्हणून सहावी पायरी या आकड्यांनीही करा.

८. रिंगा ठरवा. वरच्या आणि खालच्या टोकाला ४५० मिमी लांबीत १० मिमीच्या रिंगा ७० मिमीवर, मधल्या सळयांना क्रॉस टायसह. उरलेल्या उंचीत १५० मिमीवर. बीमच्या सांध्यातही रिंगा हव्यातच. लॅप कॉलमच्या मधल्या निम्म्या भागातच घ्या.

९. साइटवर उभे राहून पाहा. रिंगचा हूक १३५ अंशांत आत वळलेला आणि पुढे किमान ६५ मिमी लांब हवा. ९० अंशांचा हूक कव्हर सुटताच उघडतो, सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट सांडते. मग कागदावरच्या ०.८५ ला काही अर्थ उरत नाही. म्हणून पेटी बंद होण्याआधी फिटरच्या शेजारी बसून प्रत्येक कॉलमचे हूक हाताने मोजा.